आधीच फेडलेला नवस

रेमी तॉर्फ्सचं म्हणणं अगदी सरळ होतं. तीस सामने झाल्यावर जो पहिला, तो चॅम्पियन. त्याच्या वडिलांच्या वेळी असंच होतं, आजोबांच्या वेळीही असंच होतं. आता ब्रसेल्समधल्या चार टायवाल्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीतरी वेगळं सुचलं, म्हणून ते बदलतं की काय?

फॉन्स हेरिंक्सने त्याला समजवायचा प्रयत्न केला होता. फॉन्स गावातला खाटीक आणि गावच्या वेर्फेलार फुटबॉल क्लबच्या समर्थक मंडळाचा अध्यक्ष, त्यामुळे नव्या नियमांचं पत्रक त्याच्या घरी आलं होतं. ऑगस्टमधल्या एका रविवारी ओडेटच्या कॅफेत त्याने ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या सहा चकत्या टेबलावर ओळीने मांडल्या.

"हे बघ, तीस सामने झाले की वरचे सहा क्लब पुन्हा एकमेकांशी खेळणार. प्रत्येकाचे दहा सामने. पण त्याआधी सगळ्यांचे गुण निम्मे करायचे." आणि त्याने एक चकती टर्रकन फाडली.

"चकत्या फाडायला नाही ठेवल्यात!" ओडेट काउंटरमागून ओरडली.

"निम्मे म्हणजे कसे?" रेमीने विचारलं.

"साठ असले तर तीस. एकसष्ट असले तर साडेतीस होतात, ते एकतीस धरायचे. पण तो वरचा अर्धा उसना. शेवटी दोन क्लब सारख्या गुणांवर आले, तर ज्याने अर्धा उसना घेतला त्याने तो परत द्यायचा."

रेमीने शांतपणे बियरचा घोट घेतला. "फॉन्स, मी सदतीस वर्षं पोस्टमन होतो. मार्चपर्यंत वाटलेल्या पत्रांपैकी निम्मी गोळा करून परत आण, असं मला एकदाही कुणी सांगितलं नाही."

कॅफे खो खो हसला आणि रेमीला चेव चढला. टाळी मिळाली की त्याची जीभ सैल सुटते, हे त्याची बायको इर्मा लग्नापासून सांगत आली आहे. तो उभा राहिला आणि म्हणाला, "ऐका सगळे! यंदा आपण पहिले आलो, तर मंडळाचा मोठा ढोल पोटावर बांधून मी शेर्पेनह्यूवेलपर्यंत चालत जाईन. मारिया मातेच्या दारापर्यंत!"

आता, शेर्पेनह्यूवेलच्या तीर्थाला आमच्याकडचं कोण चालत जात नाही? परीक्षेसाठी जातात, मुतखड्यासाठी जातात, मुलगी एकदाची लग्नाला तयार झाली म्हणून जातात. ढोल घेऊन मात्र कुणी जात नाही. पण वेर्फेलार दरवर्षी अकरावं नाहीतर बारावं यायचं. त्यामुळे नवस मोठा असला तरी बोलणाऱ्याला धोका काही नव्हता.

आणि मग काय झालं देव जाणे, वेर्फेलार जिंकत सुटलं. गोलपोस्टमागच्या पायऱ्यांवर, खालून तिसऱ्या पायरीवर, सव्वीस वर्षं रेमी ढोल बडवत आला होता. पण त्या हिवाळ्यात त्याने जसा बडवला तसा कधीच नाही. एकवीस मार्चला तिसावा सामना संपला, तेव्हा आमचे एकसष्ट गुण होते आणि दुसऱ्या नंबरच्या झांडफेल्डचे बावन्न. झांडफेल्ड म्हणजे मोठं शहर, श्रीमंत क्लब, आणि तिथली माणसं आमच्याकडे बघतात ती बटाट्याच्या शेताकडे बघावं तशी.

गाव खूश होतं, पण जरा जपून. रेमीला जपायचं कारण दिसेना. पुढच्याच शनिवारी तो पहाटे उठून बूट घालायला बसला.

"अरे, अजून दहा सामने आहेत," इर्मा म्हणाली.

"कुठल्या लीगमध्ये?"

"सगळ्या बेल्जियममध्ये."

"माझ्या लीगमध्ये नाहीत."

"बरं. निदान मोजे तरी दोन जोड घाल."

एकतीस किलोमीटर. समोरून वारा, पोटावर ढोल. वाऱ्याने ढोल आपोआप घुमायचा आणि शेतातल्या गाई माना वर करून बघायच्या. सायकलवाल्यांची एक टोळी बाजूने गेली, त्यातल्या एकाने विचारलं, "आजोबा, मिरवणूक मागे राहिली का?" दुपारी तीनला रेमी पोचला. गुडघे टेकायची इच्छा होती, पण टेकले तर उठता येणार नाही हे त्याला कळत होतं. त्याने दुकानातली सर्वांत उंच मेणबत्ती घेतली, लावली, आणि ढोलासकट उभ्या उभ्याच सांगितलं, "मारिया माते, आम्ही चॅम्पियन झालो. फार फार आभार." इर्मा गाडी घेऊन बाहेर उभीच होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. आमच्या रेमीच्या गुडघ्यांना त्या रात्री मलम लागलं.

एप्रिलमध्ये दुसरा टप्पा सुरू झाला. आमचे एकतीस, त्यात अर्धा उसना, झांडफेल्डचे सव्वीस. नऊ गुणांची आघाडी एका दिवसात पाचावर आली. पहिला सामना आम्ही तीन शून्यने हरलो. दुसरा घरच्या मैदानावर हरलो, तोही आमच्याच बचावपटूने आमच्याच जाळ्यात चेंडू मारून. तिसऱ्यात पेनल्टी वाया गेली आणि कशीबशी बरोबरी झाली. झांडफेल्ड पुढे निघून गेलं.

त्या तिसऱ्या सामन्याहून परतताना मंडळाच्या बसमध्ये कुणी गात नव्हतं. बँडमध्ये झांजा वाजवणारी गॅबी मागे वळली. गॅबी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, आणि दोनशे पोरांना दटावायची सवय असल्याने तिला हळू बोलता येत नाही.

"रेमी, तू तिथं मारिया मातेला नक्की काय सांगितलंस?"

"काय सांगणार? आभार मानले."

"कशाबद्दल?"

"चॅम्पियन केल्याबद्दल."

"घ्या!" गॅबीने मांडीवर हात मारला. "म्हणजे तिच्या लेखी आपलं काम झालं! मग ती आता कशाला लक्ष घालेल? तिला दुसरी कामं नाहीत? लोकांचे मुतखडे आहेत, पोरांच्या परीक्षा आहेत!"

बस हसली. रेमीही हसला. पण गंमत अशी असते की एकदा हसून झाल्यावर माणूस त्यावर विचार करू लागतो. मंगळवारपर्यंत बेकरीच्या रांगेत तेच बोलणं होतं, गुरुवारपर्यंत कुणी हसत नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण गाव कावळ्यालाच धरून बसलं. देवाचं देणं हातात पडायच्या आधी आभार मानले की ते देणं अडतं, हे इथं लहान पोरालाही माहीत आहे. सहासष्ट वर्षांच्या रेमीला कसं माहीत नव्हतं?

शुक्रवारी तो फॉन्सच्या दुकानात किमा घ्यायला गेला. फॉन्सने किमा बांधला, वर न मागता दोन सॉसेज टाकले आणि एप्रनला हात पुसत राहिला.

"रेमी, मला वाईट वाटतंय रे सांगायला. मंडळाच्या लोकांचं म्हणणं आहे, या मोसमापुरता ढोल गॅबीकडे द्यावा."

"आणि तुझं काय म्हणणं आहे?"

"मी अध्यक्ष आहे," फॉन्स खाली बघत म्हणाला. "माझं वेगळं म्हणणं नसतं."

रेमीने ढोल स्वतः नेऊन दिला. काठीच्या टोकाला कापडाचा गोळा होता, तो त्याने स्वतः शिवलेला होता, तोही दिला. गॅबीशी दोन शब्द नीट बोलला. पण घरी आल्यावर त्याने कोट न काढताच खुर्चीत बसकण मारली. इर्माने ओळखलं, याला फार लागलंय. ती म्हणाली, "सव्वीस वर्षं वाजवलास, कुणी आभार मानायला आलं नाही. दोष द्यायला मात्र सगळे आले." रेमीला तेही बरं वाटलं नाही, कारण ते खरं होतं.

सामन्याला तो जातच राहिला. त्याच तिसऱ्या पायरीवर उभा राहायचा, पण हातांचं करायचं काय ते कळेना. शेवटी एका हातात तळलेल्या बटाट्यांचा कागदी कोन घ्यायचा आणि दुसऱ्याने खायचा. त्या महिन्यात त्याचं वजन वाढलं. शेजारी गॅबी ढोल असा वाजवायची की जणू कणीक आपटतेय, आणि तरी वेर्फेलार जिंकू लागलं! पुढच्या सहापैकी चार सामने जिंकले, दोन बरोबरीत सुटले. शेवटचा सामना घरच्या मैदानावर झांडफेल्डशीच, आणि दोघांचेही सेहेचाळीस गुण. बरोबरी झाली तर उसना अर्धा परत, म्हणजे करंडक झांडफेल्डचा. आम्हाला जिंकायलाच हवं होतं.

गावाच्या दृष्टीने आता शंकाच उरली नव्हती. ढोल रेमीकडून काढला आणि देव पावला. आणि सर्वांत वाईट म्हणजे, रेमीलाही आता तसंच वाटू लागलं होतं. नवा नियम न मानणारा हा माणूस सकाळी न्याहारीला बसून वर्तमानपत्रातून निम्म्या गुणांचा तक्ता कापून ठेवू लागला होता. एकशे चार वर्षांत वेर्फेलार कधी चॅम्पियन झालं नव्हतं. ते आपल्या घाईमुळे हुकलं तर गावात तोंड कसं दाखवायचं?

शेवटच्या सामन्याआधीच्या बुधवारी तो बसने शेर्पेनह्यूवेलला गेला. इर्माला सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे जातो. चर्चमध्ये एक म्हातारे पाद्री फुलदाण्यांमधलं पाणी बदलत होते. रेमीने टोपी काढली.

"फादर, एक विचारायचं होतं. मानलेले आभार परत घेता येतात का?"

"कसले आभार?"

रेमीने सगळं सांगितलं. ढोल, एकतीस किलोमीटर, निम्मे गुण, उसना अर्धा. पाद्रीबाबा फुलदाणी हातात धरून लक्षपूर्वक ऐकत होते.

"म्हणजे तुम्ही वेर्फेलारचे," ते शेवटी म्हणाले. "मी मूळचा झांडफेल्डचा. त्यामुळे तुम्हाला निःपक्षपाती सल्ला द्यायला मी योग्य माणूस नाही."

"अरे देवा," रेमी म्हणाला.

"पण आभार मी काही परत देणार नाही. या दारातून रोज शेकडो माणसं येतात, त्यातली बहुतेक मागायला येतात. नुसते आभार मानायला येणारा क्वचित. ते असू द्या तिच्याजवळ."

रेमीला धीर आला नाही. पाद्रीबाबा आत गेल्यावर तो मूर्तीसमोर गेला आणि या खेपेला खरंच गुडघे टेकले. "माझं चुकलं. सामने चाळीस आहेत, तीस नाहीत. माझ्या हट्टाची शिक्षा त्या पोरांना देऊ नकोस." उठायला त्याला बाक धरावा लागला.

रविवारी मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. विसाव्या मिनिटाला झांडफेल्डने गोल केला. सत्तराव्याला आम्ही फेडला. त्यानंतर वीस मिनिटं आमची पोरं जीव तोडून धावली, चेंडू एकदा खांबावर आदळून बाहेर गेला, गॅबीच्या हातून काठी निसटली, फॉन्सने डोळे मिटून घेतले. आणि शिट्टी झाली. एक एक. दोघांचे सत्तेचाळीस. अर्धा गुण परत.

झांडफेल्डचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या मारू लागले. पलीकडच्या कोपऱ्यातले त्यांचे लोक नाचू लागले. आमच्या बाजूला नऊ हजार माणसं होती आणि एक शब्द ऐकू येत नव्हता. गॅबीने ढोल गळ्यातून काढून पायाशी ठेवला आणि ती रडायला लागली. रेमीने मान खाली घातली. आता सगळे आपल्याकडे बघणार, हे त्याला ठाऊक होतं.

फॉन्स गर्दीतून वाट काढत तिसऱ्या पायरीवर आला. एवढा धिप्पाड माणूस, पण डोळे लाल झाले होते.

"रेमी," तो म्हणाला, "तुझ्या लीगमध्ये चॅम्पियन कोण?"

रेमीला वाटलं, हा आता टोमणा मारतोय. त्याने फॉन्सच्या तोंडाकडे नीट पाहिलं. टोमण्याचं चिन्ह नव्हतं. फॉन्सच्या मागे माणसं वळून बघत होती: बेकरीवाली, पोस्टातले जुने सोबती, आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देणारी एक मुलगी. सगळे थांबले होते. बुधवारी गुडघे टेकून काय कबूल केलं ते रेमीला आठवत होतं. चाळीस सामने असतात, हे आता त्याच्याइतकं चांगलं कुणालाच कळलं नव्हतं.

"आपण," तो म्हणाला.

"मोठ्याने बोल. कधीपासून?"

"एकवीस मार्चपासून!"

"आणि नवसाचं काय?"

"फेडलाय! चालत! ढोलासकट!"

कुणीतरी फस्सकन हसलं. मग आणखी कुणी. गॅबीने नाक पुसलं, ढोल उचलला आणि पट्टा रेमीच्या गळ्यात घातला. "मग उभा काय राहिलायस मेल्या," ती म्हणाली. "वाजव ना!"

पहिला ठोका चुकला. दुसरा बरोबर बसला. तिसऱ्याला सगळ्या पायऱ्या उठल्या, आणि नऊ हजार माणसं आपण चॅम्पियन झाल्याचं गाणं पोटातून गाऊ लागली. मैदानाच्या मधोमध टाय लावलेले साहेब करंडक घेऊन उभे होते. त्यांनी माइक तोंडाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. झांडफेल्डचे खेळाडू ओळीत उभे राहून आमच्याकडे बघत होते. आवाज थांबला की त्यांना करंडक मिळणार होता, आणि त्यांना बराच वेळ थांबावं लागलं.