थोरल्याच्या बाजूची कडी

आमच्या सुताराचं माप चुकलेलं कधी कुणी पाहिलं नव्हतं. उंबऱ्यात उभं राहून नुसत्या नजरेने तो सांगायचा, दार वरच्या अंगाला सूतभर जास्त आहे. आणि हाच गृहस्थ सव्वा टनाचं रंध्याचं मशीन घरात घालून बसला अन् फळी मोजायची विसरला. अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही.

मशीन बंद पडलेल्या गिरणीच्या शेडमधलं, अस्सल बिडाचं, त्याच्या आजाच्या वयाचं. घ्यायचं कारण साधं होतं. त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. हातरंधा दहा वेळा ओढला की पाण्याचा तांब्या उचलेना. हातच चालेना तर तो सुतार कसला? ही भीती तो बोलत नसे, पण बायको ओळखून होती. ती म्हणाली, "घ्या, पण आत कसं न्यायचं ते आधी बघा." त्याने फक्त पहिला शब्द ऐकला.

मी शेजारचा लोहार. चेनपुली माझी, पहारी माझ्या, खाली घालायचे पाइपचे तुकडेही माझेच. शिव्या तेवढ्या सगळ्यांनी वाटून घेतल्या. मशीन दारातून जाईना म्हणून बाजूची भिंत पाडली, तर आढं दोन बोटं खाली आलं. टेकू लावले, मशीन आत ओढलं, बोल्ट काँक्रीटमध्ये गाडले आणि भिंत पुन्हा उभी केली. तीन दिवस गेले, माझ्या पायाचं एक नख गेलं.

चौथ्या दिवशी त्याने फळी चढवली. अकरा फुटी. शाळेच्या नव्या रंगमंचासाठी अशा चाळीस फळ्या महिनाभरात द्यायच्या होत्या. पुढचं टोक पात्यापर्यंत न्यायचं, तर मागचं टोक मागच्या भिंतीला जाऊन टेकलं. पात्यापासून भिंत सात फूट! त्याने फळी तिरकी करून पाहिली, उलटी करून पाहिली. मग तो फळीवरच बसला.

"मशीन फिरवू," मी म्हटलं.

"खोलीची रुंदी किती, बघ की डोळे उघडून."

"मग पुढं सरकवू."

"पुढची निम्मी जमीन बुजवलेल्या विहिरीवर आहे. सरकव, म्हणजे थेट पाताळात जाईल."

"बाजूची भिंत पाडून बाहेर काढू."

त्याने नुसतं वर आढ्याकडे बोट केलं. आता भिंत पाडली तर छप्परच अंगावर येणार होतं. मागच्या भिंतीबद्दल मी बोललो नाही, तोही बोलला नाही. त्या भिंतीपलीकडे त्याच्या थोरल्या भावाचं स्वयंपाकघर. थोरला गवंडी. चार वर्षांपूर्वी घराची वाटणी झाली तेव्हा ही भिंत त्यानेच बांधली, आणि त्या दिवसापासून दोघांत शब्द नाही. भांडण कशावरून झालं ते विचाराल, तर दोघांनाही नीट सांगता येणार नाही.

पंधरा दिवस तो त्या खोलीत कोंडल्यासारखा बसून राहिला. आखूड तुकडे रंधायचा, लांब फळ्यांकडे पाठ करायचा. शाळेचा निरोप आला, जमत नसेल तर काम शहरात देतो.

"भावोजी, तुम्ही तरी सांगा यांना," सुताराची बायको, आमची वहिनी, मला म्हणाली. "भिंतीला एक भोक पाडायचं, तर जीव चाललाय यांचा."

"त्याच्या दारात जाऊ?" सुतार उसळला. "हातानं रंधीन!"

आणि खरंच त्याने हातरंधा घेतला. दीड फळी झाली. संध्याकाळी वहिनी त्याला घास भरवत होती आणि तो भिंतीकडे तोंड करून रडत होता. मी दारातूनच परतलो. मला त्याचा राग आला होता अन् कीवही.

दुसऱ्या दिवशी त्याने चिडून मशीनवर ओबडधोबड ओंडका घातला. पट्टा किंचाळला, घर हादरलं, आणि पलीकडे भांड्यांची उतरंड कोसळली. क्षणात थोरला चेपलेलं पातेलं घेऊन दारात.

"माझं घर पाडायचंय का?"

चार वर्षांतलं हे पहिलं वाक्य. थोरल्याने मशीन पाहिलं, भिंतीला टेकलेली फळी पाहिली, धाकट्याचा लोंबता हात पाहिला. मग तो आला तसा निघून गेला.

तासाभराने पलीकडून छिन्नीचा आवाज आला. विटा एकेक करून निघाल्या. भिंतीत हातभर रुंद चौकोन पडला, कडा दोरी लावल्यासारख्या सरळ. त्यातून थोरल्याचं तोंड दिसलं.

"याला झडप करून दे. कडी माझ्या बाजूला."

"तुझ्या बाजूला कशाला?"

"स्वयंपाकघर माझं आहे. पाहिजे तेव्हा हाक मारायची."

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही! पण करतो काय? सुताराने झडप केली, स्वतःच्या हाताने कडी पलीकडे ठोकली. मग प्रत्येक फळीला त्या झडपेपुढे उभं राहायचं आणि हाक मारायची, "दादा." पहिल्या हाकेला थोरल्याला हमखास ऐकू यायचं नाही. दुसरीला कडी निघायची. तो तिकडून फळीचं टोक उचलून ढकलायचा, सुतार मधे दाबायचा, मी दाराबाहेर रस्त्यावर उभा राहून ओढायचो.

"अडकलो रे," सुतार माझ्याशी चरफडायचा. "आता जन्मभर याला हाका मारायच्या."

चाळीस फळ्या झाल्या. शाळेत पोचल्या, पसंत पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाइप परत न्यायला गेलो, तेवढ्यात झडपेची कडी आपोआप वाजली. कुणी हाक मारली नव्हती. थोरला आत डोकावला.

"आज फळी नाही?"

"संपलं काम," सुतार म्हणाला.

"बरं." थोरला तिथून हलला नाही. झडप लावावी की उघडी ठेवावी, हे त्याला ठरेना. "उद्या?"

"उद्याचं काही नाही अजून."

सुताराने माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यात एक जादा फळी उभी होती, चांगली रंधून झालेली, ती त्याने उचलली आणि मागचं टोक झडपेतून पलीकडे दिलं. थोरल्याने ती हातात घेतली. गवंड्याचा हात तो, गिलावा नुसत्या तळव्याने पारखणारा. फळी गुळगुळीत आहे हे त्याला कळलं नसेल असं मी मेलो तरी म्हणणार नाही.

"ढकलू?" त्याने विचारलं.

"ढकल, दादा."

मी पाइप खाली ठेवले आणि रस्त्यावर जाऊन टोक धरलं.