सोल्वीची सोळा पावलं

आर्नफिनने चाळीस वर्षं शाळांच्या बँडसाठीच धुना लिहिल्या आणि मुलांवर एकही दिवस भरवसा ठेवला नाही. मुलंच ती, आज आहेत, उद्या कांजिण्या. म्हणून प्रत्येकाची चाल तो दुसऱ्या कुणाच्या तरी कागदावर बारीक अक्षरांत लिहून ठेवायचा. एक आला नाही तर दुसऱ्याने सावरायचं.

यंदा आमच्या फ्योर्डकाठच्या शाळेत बँडला अकराच मुलं उरली. सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत नीट वाजला नाही तर बँड बंद, असं शाळेने सांगून टाकलं होतं. आर्नफिनने संचलनाची नवी धून लिहिली. आधी दोन क्लॅरिनेट गेल्या, ईस्टरनंतर बासरी. दर गुरुवारी तो खोडरबर घेऊन बसे आणि गेलेल्यांची चाल उरलेल्यांच्या गळ्यात मारी.

फक्त आमच्या नातीची, सोल्वीची, हॉर्न या पितळी वाद्यावर एकटीने वाजवायची सोळा पावलांची चाल त्याने कुणालाच दिली नाही.

"अरे, तिचीही लिही की बारीक," मी म्हटलं.

"ती माझी नात आहे, गुडवेग."

"नातीला काय पाय नसतात?"

सोळा मेला संध्याकाळी सोल्वी दारात उभी राहिली. "आजोबा, उद्या मी फुटबॉलच्या पोरींबरोबर चालते. बँडला सगळे हसतात हो."

"जा," तो म्हणाला.

ती गेल्यावर मी ओरडले, "अजून वेळ आहे, ट्यूबा वाजवणाऱ्याच्या कागदावर तिची चाल लिही!" त्याने पेन्सिल उचललीच नाही. हा माणूस आता मोडला, असं मला वाटलं.

सकाळी पाच मुलं आली. चर्चपर्यंत कशीबशी धून निभली. मग हॉर्नची ती सोळा पावलं आली आणि ढोलवाला सोडून चारही पोरं, शिकवल्याप्रमाणे, गप्प राहून मोजत चालली. नुसता ढोल आणि बुटांचा आवाज. लोक झेंडे हलवायचे थांबले. आर्नफिन पुढे ताठ चालत त्या रिकाम्या चालीला हाताने ताल देत होता. मला रडू आवरेना.

बँडच्या मागेच फुटबॉलच्या पोरी होत्या. सोल्वी मान खाली घालून चालली होती. डाव्या हाताची बोटं चड्डीच्या शिवणीवर एकेक करून दाबली जात होती, हॉर्नवर दाबावीत तशी, सोळाव्या पावलापर्यंत.

ऑगस्टमध्ये बँड बंद झाला. त्या दिवशी मी आर्नफिनला बोटांचं सांगितलं.

"बाराव्या पावलाला घाई करते ती नेहमी," तो म्हणाला. "केली का?"

"नाही केली," मी म्हटलं.