शब्द न् शब्द खरा

"हे अक्षर कुणाचं?" केमिगिसाने पुस्तक काउंटरवर आपटलं. वेष्टनाला अडकवलेली पिवळी चिठ्ठी तिने बोटाने टोचली.

"माझंच," नालवेयीसोबाई म्हणाल्या.

कंपालातल्या त्या दुकानात तेवीस वर्षं प्रत्येक नव्या पुस्तकावर बाईंची चिठ्ठी लागे. गिऱ्हाइकं आधी चिठ्ठी वाचत, मग लेखकाचं नाव. ताज्या कादंबरीवर लिहिलं होतं, 'यातली सासू तुमच्या घरी राहून गेलेली आहे. वाचताना चुलीवरची मटोके केळी करपली तर मला बोलू नका.' मधमाश्यांवरच्या पुस्तकावर, 'अडीचशे पानं, एकही कंटाळवाणं नाही!' आणि केमिगिसाने आपटलेल्या, कॉफी सहकारी संघ कसा बुडाला त्याच्या जाडजूड इतिहासावर, 'शब्द न् शब्द खरा. मी हमी देते.' हमी द्यायची हौसच दांडगी!

"पान दोनशे बारा. मोठ्याने वाचा."

"न्याबो, अहो ताई, जरा बसून बोलू या का?"

"बसायला नाही आले मी. फोर्ट पोर्टलहून आलेय. वाचा!"

बाईंनी वाचलं, "संघाच्या गोदामाचा राखणदार बालिंडा याने किल्ल्या आपण होऊन लुटारू सैनिकांच्या हाती दिल्या."

"माझा बाप तो. आपण होऊन म्हणे! डोळा फोडला त्याचा, तेव्हा मूठ सुटली. आमच्या चर्चमध्ये हे पुस्तक हातोहात फिरतंय, तुमच्या चिठ्ठीसकट. आईला तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

कपाटाजवळ निवृत्त हेडमास्तर सेंटोंगो दोन नवी पुस्तकं घेऊन उभे होते. ते तडक पुढे आले.

"ए पोरी, आवाज खाली! आमच्या बाई वाचल्याशिवाय अक्षर लिहीत नाहीत. अकरा वर्षं त्यांच्याच शब्दावर वाचतोय मी."

दर आठवड्याला खोकी येऊन पडत. जाड पुस्तकाची पहिली पन्नास पानं वाचायची, शेवटची दहा, आणि मधलं अंदाजाने, ही बाईंची जुनी खोड. चूक लेखकाची म्हटलं असतं तर त्या सहज सुटल्या असत्या. मास्तर तर त्यांच्या बाजूने भांडायलाच उभे होते.

"बोला की! वाचलं होतंत हे पान?" केमिगिसाने दरडावलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "मधलं काहीच वाचलं नव्हतं."

"न वाचता हमी! थू तुमच्या हमीवर!" केमिगिसाने चिठ्ठी फाडून तुकडे बाईंच्या अंगावर फेकले आणि ती तरातरा निघून गेली.

बाईंना लाज वाटली. मान वर होईना.

"बायको गेली तेव्हा तुम्ही मला एक पुस्तक दिलं होतंत," मास्तर हळूच म्हणाले.

"ते पूर्ण वाचलं होतं, मास्तर. दोनदा. देवाशपथ!"

"असेल. पण आता मला कसं कळणार?"

त्यांनी हातातली दोन्ही पुस्तकं काउंटरवर नीट, एकावर एक ठेवली आणि रिकाम्या हातांनी पायऱ्या उतरले.