टकटक कमी करू नका

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. माझी काच पिवळी पडली आहे, एक काटा जरासा वाकला आहे. पण माझी टकटक अजून शेजारच्या खोलीत ऐकू जाते. लोक शांत घड्याळांना चांगले म्हणतात. म्हणोत बापडे. मी मोठ्याने बोलते आणि त्याचा मला अभिमान आहे.

लढाई चालू असताना, १९४४ साली, हवालदार हंबीररावांनी मला इटलीतल्या एका दुकानात विकत घेतले. तंबूत त्यांचे सोबती चेष्टा करायचे, "हवालदार, ह्या घड्याळानं दुश्मन जागा व्हईल गड्या!" हंबीरराव हसून मला किल्ली द्यायचे. दोन वर्षांत मी एक मिनिटही मागे पडले नाही.

सेहेचाळीस साली आम्ही कवठे महांकाळजवळच्या त्यांच्या वस्तीवर आलो. हंबीरराव पलटणीत गेल्यावर जन्मलेली त्यांची मुलगी मनू आता चार वर्षांची होती. ती एक शब्दही बोलत नव्हती. कोणी हाक मारली तरी वळत नव्हती. गाव तिला मुकी-बहिरी म्हणे. तिची आई विजयमाला हिने पत्रात हे कधी कळवले नव्हते. लढाईवरच्या माणसाला कशाला काळजी, म्हणून.

एकदा हंबीररावांच्या मांडीवर बसून मनूने त्यांचे मनगट ओढले आणि मला कानाशी धरले. तिचे डोळे मोठे झाले. मग ती खुदकन हसली. त्या दिवसापासून रोज सकाळी ती माझ्याकडे येऊ लागली. आख्ख्या वस्तीत तिच्याशी बोलणारे मी एकटेच होते!

पण मनूची आजी, साळूबाई, फार कष्टाळू बाई. मोटेचे चाक कुरकुरले की त्याला करडईचे तेल द्यायचे, हे तिला ठाऊक. माझा आवाज ऐकून तिला वाटले, हेही बिचारे कोरडे पडले आहे. हंबीरराव अंघोळीला गेले असताना तिने सुरीच्या टोकाने माझी पाठ उघडली आणि प्रेमाने चार थेंब सोडले.

मी थांबले.

मनूने मला कानाला लावले, हलवले, पुन्हा लावले. मग ती अशी रडली की हंबीरराव ओलेत्याने धावत आले.

दुसऱ्या दिवशी ते विजयमाला आणि मनूला घेऊन सांगलीला निघाले. तिथे पेठेत अण्णांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. अण्णांनी डोळ्याला भिंग लावून मला उघडले आणि म्हणाले, "अहो, ह्यात तर फोडणी घालायचीच बाकी आहे!"

त्यांनी मला पेट्रोलने धुतले, त्यांचे खास तेल सुईच्या टोकाने लावले. मी पुन्हा चालू लागले.

"एवढं का हो वाजतं हे?" विजयमालाने विचारले.

"प्रत्येक घड्याळात एक पट्टी दातेरी चाकाचा एकेक दाता अडवते आणि सोडते. तीच टकटक," अण्णा म्हणाले. "भारी घड्याळांत त्या पट्टीला माणकाचे खडे असतात, ते हलकेच लागतात. ह्याला पोलादी खिळे आहेत. त्यात पाठ पातळ पत्र्याची आणि डबी मोठी, पोकळ. मग घुमणारच. आत चकती घालून आवाज निम्मा करून देऊ का?"

"टकटक कमी करू नका," हंबीरराव एकदम म्हणाले. "माजी पोरगी जगात येवढंच ऐकती."

अण्णांचे हात थांबले. त्यांनी स्वतःचे भारी घड्याळ मनूच्या कानाला लावले. ती नुसती बघत राहिली. मग मला लावले, ती हसली. तिला पाठमोरी बसवून त्यांनी मला दोन बोटे लांब धरले, तरी ती वळली. वीतभर लांब नेल्यावर मात्र वळली नाही.

"हवालदार, कान पुरते गेलेले नाहीत. हे ऐकू येतं, तर माणसाचा आवाजही जवळून येईल. मोठ्या डॉक्टरांना दाखवाच, पण तोवर हिच्या कानाशी बोला."

आमच्या वस्तीवर बांधावरून हाका मारायची रीत. मनूच्या कानाशी जाऊन आजवर कोणी बोललेच नव्हते. विजयमालाने तिथेच वाकून लेकीच्या कानाला तोंड लावले. "मनू," ती म्हणाली. मनूने झटकन वळून आईच्या तोंडाकडे पाहिले. विजयमालाने पुन्हा वाकून तेच नाव तिच्या कानात म्हटले.

मग घरात तिघेही आळीपाळीने तिच्या कानाशी बोलू लागले. पावसाळा गेला, हिवाळा आला. मनू ऐके, बोलत मात्र नव्हती.

एके सकाळी मी कोनाड्यात होते आणि मनू जवळ उभी होती. साळूबाई मोटेच्या चाकासाठी तेलाचे भांडे घेऊन तिकडून निघाली. भांडे पाहताच मनूने दोन्ही तळवे माझ्यावर ठेवले आणि ओरडली,

"आज्जे, त्याल नगं!"

साळूबाई भांड्यासकट खाली बसली. तेल सांडले, तिला भान नव्हते. "आरं हंबीरा, पोर बोलली रं!" एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आज एकोणपन्नास साल आहे. मनू शाळेत पहिल्या रांगेत बसते आणि मला किल्लीही तीच देते. मित्रांनो, घड्याळाच्या पोटात घरातले तेल घालू नका. आणि हाकेला ओ न देणाऱ्याला लांबूनच मुका-बहिरा ठरवू नका; चार पावले चालून त्याच्या कानाशी जा. मी एवढेसे यंत्र, पण तेवढे जवळ मी गेले होते.