लंगडोबाला आवाज कुणी दिला

मित्रांनो, तुमच्या मोबाइलला तोंड नाही. मला आहे. पुढच्या बाजूला एक आडवी फट, तिच्यावर झडप. टेप आत ढकलली की मी ती गिळायचो आणि टीव्हीवर चित्र हलू लागायचं. मी एक जुना व्हीसीआर. अंगाने भरभक्कम, रंगाने काळा, आणि डाव्या कुशीवर एक ओरखडा. माझी गोष्ट फार मोठी नाही. पण तिच्यात एक लंगडा बगळा आहे, तेव्हा कंटाळा यायचा नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर कुणी मला मोटर दिली, कुणी तिच्यावर रबरी पट्टा चढवला, कुणी चित्र वाचणारं गोल चकचकीत डोकं बसवलं. शेवटी एका बाईने माझ्यात टेप घातली, कान लावून माझी घरघर ऐकली आणि पाठीवर थाप मारून पुढे ढकललं. जन्मल्याजन्मल्या मिळालेली ती शाबासकी. पुढे बऱ्याच मिळाल्या, पण पहिलीची गोडी वेगळीच.

तिथल्याच बंदरात मला विकत घेतलं एका मामांनी. ते मालवाहू बोटीवर इंजिनाचं काम करायचे. बहिणीच्या घरी जाताना त्यांनी मला खांद्यावर टाकलं आणि सोबत खोकंभर टेपा घेतल्या. त्या देशात हाताने काढलेल्या चित्रांच्या मालिका लहानथोर सगळे बघतात. तुम्ही त्यांना ॲनिमे म्हणता. आमच्या घरी तेव्हा हलणाऱ्या प्रत्येक चित्राला कार्टूनच म्हणत. मामांनी तिथल्या टीव्हीवरून एक अख्खी मालिका भाच्यांसाठी उतरवून आणली होती. समुद्रातल्या खडकावरचं दीपगृह, तिथला दिवा सांभाळणारा मुलगा, त्याचा लंगडा बगळा, आणि होडीतून गावोगाव सामान पोचवणारी त्याची आई. एवढीच ती गोष्ट.

पण दोन अडचणी निघाल्या. एक तर त्या देशाची भाषा घरात कुणाच्या बापाला येत नव्हती. आणि दुसरी अशी, की तिथली रंगांची पद्धत निराळी, घरच्या टीव्हीची निराळी. चित्र यायचं, पण काळंपांढरं. मामा ओशाळले. म्हणाले, "घोडं आणलं आणि लगाम विसरलो बघ."

घरात माणसं चार. बाबा छापखान्यात रात्रपाळीला. आई. दहा वर्षांची ताई. आणि तिच्या निम्म्या वयाचा धाकटा, जो प्रत्येक गोष्टीला "का?" विचारायचा. मी आलो त्याच महिन्यात आईला फुप्फुसाचा आजार निघाला आणि तिला लांबच्या दवाखान्यात ठेवलं. मुलांना भेटायला बंदी. किती दिवस, ते डॉक्टरही सांगेनात. बाबा रात्री छापखान्यात, दिवसा झोपेत, आणि उरल्या वेळात आई होऊ बघत होते. धाकट्याचे केस त्यांनी स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापले. उंदराने कुरतडल्यासारखे झाले ते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुणी केलं हे?" तर बाबा म्हणाले, "वाढतील की!"

अशा दिवसांत ताईने ती पहिली टेप माझ्या तोंडात घातली. धाकट्याने विचारलं, "तो मुलगा काय म्हणतोय?" ताईने ठोकून दिलं, "म्हणतोय, माझं नाव कंदील."

झालं! तिथून पुढे ती थांबलीच नाही. सगळ्यांचं बोलणं ती बोलायची आणि रंगही तीच भरायची. कंदीलचे बूट हिरवे, होडी लाल, आईची शाल पिवळी. धाकटा मान डोलवायचा आणि त्याला ते रंग दिसायचेसुद्धा. बगळ्याचं नाव तिने लंगडोबा ठेवलं आणि त्याला चक्क बाबांचा आवाज दिला. कंदील दिवा लावायला निघाला की लंगडोबा खेकसायचा, "बंद कर तो दिवा! वीज काय झाडाला लागते?" दीपगृहात राहून दिवा लावायला विरोध करणारा बगळा अख्ख्या जगात तेवढा एकच असेल. मालिकेच्या सुरुवातीला परक्या भाषेतलं गाणं वाजायचं. त्याच्यावर ताई स्वतःचं म्हणायची:

लाट आली, लाट गेली, खडक नाही हलला,
माझ्या घरचा दिवा बाई वाऱ्याने नाही मालवला.
होडी गेली दूर दूर, जाईना का दूर,
परतीच्या वाटेला गं उजेडाचा पूर.

ताई शाळेत गेली की पंचाईत. धाकटा एकटाच टेप लावायचा आणि रडायचा. लंगडोबा बोलतच नाही! मग एके दिवशी त्याने माझ्या तोंडाखालच्या झाकणाआडचं एक बटण दाबून ठेवलं. आमच्यापैकी थोड्यांनाच ती सोय होती. ते बटण दाबलं की चित्र जसंच्या तसं राही, पण मूळ आवाज पुसून त्या जागी माइकमधला आवाज चढे. माइक जोडलेला नव्हता, त्यामुळे चढली ती नुसती शांतता. अर्धी टेप मुकी झाली. ताई घरी येऊन आधी त्याला रागावली. मग माहितीपुस्तकातली चित्रं बघत बसली. मग मामांच्या खोक्याच्या तळाशी तिला माइक सापडला.

त्यानंतर ताईने एकेक टेप आधी स्वतः पाहायची आणि मग तिच्यावर आपला आवाज चढवायचा, असं काम धरलं. दुपारी बाबा झोपलेले असत, म्हणून ती माइकला ओठ लावून हळू बोलायची. त्यामुळे आमच्या मालिकेत वादळातसुद्धा सगळे कुजबुजत. कप्तान कुजबुजत हुकूम सोडायचा आणि खलाशी कुजबुजत "जी!" म्हणायचे. माझ्यावर तिचा हात इतका हलका पडायचा, की बटण दबल्याचं मलाच उशिरा कळायचं.

मग ती टेप आली. वादळ होतं, होडी दिसेनाशी झाली आणि सकाळी गावकरी डोक्यावरच्या टोप्या काढून किनाऱ्यावर उभे राहिले. ताईला भाषा येत नव्हती, पण टोप्या कळल्या. ती माइक हातात धरून बसून राहिली. बराच वेळ माझी मोटर नुसती गरम होत होती. शेवटी तिने बटण दाबलं आणि कुजबुजली, "कंदीलची आई लांबच्या वाटेने गेलीय. उशीर होईल, पण येईल."

दुसऱ्या दिवशी धाकट्याने विचारलं, "मग टोप्या का काढल्यात?"

"भिजल्यात. वाळवतायत."

त्याला ते पटलं. टोप्या वाळवायच्याच असतात.

पुढे आई बरी होऊन घरी आली. मुलं मोठी झाली. मामांच्या टेपा झाल्या, मग लग्नाच्या टेपा झाल्या. शेजारीपाजारी म्हणायचे, "काय स्वच्छ चित्र देतो हो तुमचा!" आणि मी फुशारून जायचो. मग सीडीच्या चकत्या आल्या, चकत्यांमागून मोबाइल आला. एके दिवशी मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं. तक्रार नाही. ज्याचं काम संपतं, त्याने जागा अडवू नये. पण अंधारात माझा रबरी पट्टा हळूहळू वितळत होता, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

यानंतरचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पुढे माझ्यासमोरच जे बोलणं झालं, त्यातून जुळवून सांगतो. धाकटा आता चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि त्याला एक लेक आहे. तिला सगळे पिटुकली म्हणतात. त्याला ती मालिका कुठेतरी सापडली. स्वच्छ चित्र, अस्सल रंग, खाली आपल्या भाषेत ओळी. तो लेकीला म्हणाला, "चल, तुला माझं लहानपण दाखवतो."

पहिल्याच भागात तो चमकला. "बूट निळे कसे? आणि ही माणसं एवढी ओरडतात कशाला?" बगळा तर चोच उघडेना. बायको म्हणाली, "अहो, बगळा कधी बोलतो का?" हा म्हणाला, "हा बोलायचा!"

वादळाचा भाग आला. टोप्या निघाल्या. खालची ओळ वाचायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. पिटुकली म्हणाली, "मला वाचता येतं, बाबा. ती बुडाली." आणि ओठ काढून रडायला लागली.

"नाही गं. येते ती. शेवटच्या भागात येते. मी पाहिलंय."

"नक्की?"

"शब्द देतो."

त्या शब्दावर पोरीने उरलेले सगळे भाग पाहिले. प्रत्येक होडीकडे बोट दाखवून विचारायची, "ही का?" शेवटचा भाग संपला. कंदील मोठा झाला, दिवा त्याने एकट्याने लावला. आई आली नाही. पिटुकली रडली नाही. म्हणाली, "बाबा, तू खोटा शब्द दिलास." त्या दिवसापासून तो काहीही म्हणाला, की ती आईकडे वळून विचारी, "खरं आहे का हे?" हे त्याला फार लागलं. आपण साधं "पाऊस येईल" म्हटलेलंही लेकीने दुसऱ्याला विचारून घ्यावं, याहून बापाला वाईट काय?

त्याने ताईला फोन लावला. ताई आता बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करते. "ताई, कंपनीने मालिका बदललीय! शेवट कापलाय, बगळ्याचा आवाज काढलाय!"

पलीकडे ताई आधी हसली. मग हसू थांबलं. "तुला इतकी वर्षं कळलंच नाही होय रे?" ती म्हणाली. "रविवारी आईकडे ये. पिटुकलीला घेऊन ये. आणि बाबांना सांग, माळ्यावरचं धूड खाली काढा."

असा मी पुन्हा उजेडात आलो. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं तर पट्ट्याचं डांबर झालेलं. त्याने ते पुसलं, नवा पट्टा चढवला, डोकं स्पिरिटने साफ केलं. "चालेल," म्हणाला, "पण टेप किती टिकलीय ते तिचं तिला ठाऊक." टेपा आईच्या कपाटात, शालींच्या खाली होत्या. शेवटची टेप ताईने स्वतः माझ्या तोंडात घातली. तिचा हात अजून तसाच हलका.

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. मी आत अडकलो, टेप चावली, तर ती गोष्ट जगातून कायमची जाणार होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती. एका बापाचा शब्द माझ्या एका रबरी पट्ट्यावर लोंबकळत होता.

फिरलो. आधी पडद्यावर नुसत्या रेघा. मग काळंपांढरं दीपगृह. आणि मग दहा वर्षांच्या पोरीची कुजबुज, "लाट आली, लाट गेली…"

"आत्या, ही तू?" पिटुकली म्हणाली.

"गप. बघ."

लंगडोबा एका पायावर उडी मारत आला आणि खेकसला, "बंद कर तो दिवा! वीज काय झाडाला लागते?"

धाकटा ओरडला, "बघ! बोलतो की नाही?"

आजोबा, म्हणजे तेव्हाचे बाबा, खुर्चीतून म्हणाले, "हा बगळा कुणासारखा बोलतो गं?"

"तुमच्यासारखा," आई म्हणाली.

"मी असं कधी बोललो?" असं म्हणत ते उठले, भिंतीपाशी गेले आणि ट्यूबलाइट बंद केली. "टीव्ही चालू असताना ही कशाला जळायला हवी?" सगळे इतके हसले, की कंदीलचं अर्धं बोलणं कुणाला ऐकूच गेलं नाही.

मग शेवट आला. धक्क्याला होडी लागली. कंदील किनाऱ्यावर धावला. होडीतून लोक उतरू लागले, आणि त्या गर्दीत शाल पांघरलेली एक बाई पाठमोरी उभी होती. कोण कुठली, कथेत तिचं काही काम नाही, घडीभरच दिसते. ती वळली. आणि माझ्यातून जो आवाज आला तो ताईचा नव्हता, कुजबुजही नव्हती. मोठ्या बाईचा, थोडा दमलेला, मोकळा आवाज.

"आले रे, आले. अरे देवा, हे केस कुणी कापले?"

आईने डोळे बारीक केले. "हा माझा आवाज? इतका बारीक होता?"

"तू दवाखान्यातून आलीस त्याच दिवशी," ताई म्हणाली. "तुझ्या हातात माइक दिला. तू म्हणालीस, काय बोलू? मी म्हटलं, काहीही बोल, पण 'आले' म्हण. हा समोरच उभा होता. तू याच्याकडे बघितलंस आणि बोललीस."

धाकट्याने नकळत डोक्यावरून हात फिरवला. मग त्याने विचारलं, "ताई, आई येणार हे तुला तेव्हाच माहीत होतं?"

"नव्हतं," ताई म्हणाली. "म्हणूनच ही टेप मागे ठेवली होती. तू रोज मागायचास आणि मी सांगायचे, अडकलीय."

मित्रांनो, मी एकदाही अडकलो नव्हतो. पण तो आळ मला कधीच जड वाटला नाही.

पिटुकली पडद्यासमोरून उठली. मग बापाच्या मांडीवर चढून बसली. खरं का ते विचारायला स्वतःच्या आईकडे वळली नाही. "आली की," म्हणाली. "बाबा, परत लाव."

त्याने परत लावलं. मी फिरलो.

आता मी टीव्हीखालच्या फळीवर असतो. रविवारी मला काम असतं. बाकी दिवस माझ्यावर एक रुमाल असतो, धुळीसाठी. माझं मागणं फार नाही. टेप पाहून झाली की पूर्ण मागे गुंडाळा, उभी ठेवा, आणि माझ्यासारख्याला महिन्यातून एकदा तरी चालवा. न चालवलेलं यंत्र लवकर मरतं. आणि लहानपणी ऐकलेली एखादी गोष्ट मोठेपणी निराळी निघाली, तर लगेच कुणाला खोटं म्हणू नका. आधी घरी फोन लावा. शेवट कुणी केला होता, ते विचारा. तो करणारा कदाचित अजून कुणी विचारायची वाट बघत असेल.