टाकीत सोडलेली चिमणी

"उतर ना गं नवसी, आत काय वाघ बसलाय?" चिंतामणी साहेब टाकीबाहेर खालून म्हणाले.

नवसी शिडीच्या वरच्या पायरीवर थिजून बसली होती. समोर दोन पुरुष खोल पोलादी टाकी. सत्त्याऐंशी साली अंबरनाथला अशा टाक्या बनवणारे कारखाने पुष्कळ होते. वेल्डिंग झालं होतं, आत उतरून फक्त झाडायचं होतं. पण दोन महिन्यांपूर्वी तिची जाऊ चंद्री अशाच टाकीत झाडता झाडता खाली बसली, ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं, असं कागदावर आलं.

"सायेब, आत कसला ग्यास सोडलाय?"

"आर्गॉन. सांधा काळा पडू नये म्हणून. अगदी गरीब गॅस. त्याच्या अणूच्या बाहेरच्या ओळीत आठ जागा, आठही भरलेल्या. कुणाकडून काही घ्यायला नको, कुणाला द्यायला नको. म्हणून तो कशाशी संयोग पावत नाही. जळत नाही, वास नाही. तुला काय करणार?"

"आमच्या पाड्यावर जुन्या हिरीत उतरायच्या आदी दिवा सोडत्यात. दिवा ऱ्हायला तर मानूस उतरतो."

"हा कारखाना आहे. उतरायचं नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

तरी तिनं फडक्यातली रॉकेलची चिमणी काढली, पेटवली आणि दोरीनं खाली सोडली. अर्ध्यावर ज्योत बारीक झाली, विझली.

"वाऱ्यानं गेली."

"टाकीत कुठला वारा, सायेब?"

तिनं पुन्हा पेटवली. पुन्हा त्याच खोलीवर अंधार. तिसऱ्या खेपेला साहेब स्वतः वर चढले, दोरी हातात घेतली. चिमणी तिथंच विझली. तळाशी गॅसची नळी बारीक फुसफुसत होती. ती कुणी बंदच केली नव्हती.

"हवेपेक्षा जड आहे," साहेब पुटपुटले. "खालून भरत येतो. हवेला जागाच राहत नाही."

"चंद्रीच्या टायमाला हाच व्हता?"

साहेबांनी विझलेली चिमणी वर ओढून घेतली. "हो. हृदय बंद पडल्याचा तो कागद मीच लिहिला होता."

ते दोरी गुंडाळू लागले. वेढे काही नीट बसेनात. नवसीनं ती त्यांच्या हातून हळूच काढून घेतली आणि चिमणीची काजळी पदरानं पुसत राहिली.