बुडणाऱ्या घराचं कुलूप

‘खूण’ महिनाअखेर बंद होऊ शकतं, अशी सूचना अभयने सकाळी टाकली. मी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. मजकूर तोच होता.

‘खूण’ म्हणजे पुस्तकांवर बोलण्याचं आमचं संकेतस्थळ. निवृत्त मुख्याध्यापक काकासाहेबांनी ते सुरू केलं तेव्हा एकच नियम घातला होता : एका पुस्तकाला एकच धागा, म्हणजे चर्चेचं एकच पान. पुस्तक आज वाचा की दहा वर्षांनी, त्याचा जुना धागा शोधायचा आणि त्याखाली प्रतिसाद लिहायचा. तो लिहिला की त्या धाग्यावर पूर्वी बोललेल्या सगळ्यांना निरोप जायचा, आणि त्यांच्यापैकी कुणीतरी यायचंच. उत्तर न मिळता कुणी परत गेलं, असं कधी झालं नाही. पुढे काकासाहेबांची नजर गेली आणि कारभार त्यांच्या पुतण्याकडे, अभयकडे आला.

अभयने पहिल्याच पानावर एक आलेख लावला. तो फक्त नवे धागे मोजायचा. आम्ही नियम पाळणारी माणसं. बहुतेक पुस्तकांचे धागे आधीच होते, मग नवे कशाला काढू? आलेखाची रेघ जमिनीला टेकली. ‘मंडळ मृतवत झालं आहे,’ अभयने लिहिलं होतं. ‘रोज प्रत्येकाने एक नवा धागा काढावा. रेघ वर गेली नाही तर व्हॉट्सॲपवर गट करू आणि हे बंद करू.’

मी गारखेड्याला राहतो, सगळे मला नाना म्हणतात. आयुष्यभर एका कचेरीत टंकलेखन केलं, दुसऱ्यांची वाक्यं उतरवली. स्वतःचं वाक्य लिहायची वेळ आली की बोटं अडतात. ‘खूण’वर मी सगळं वाचायचो, लिहायचो क्वचित, आणि लिहिलेलं बरंचसं पुसून टाकायचो. तरीही दिवसभरात ज्यांच्याशी मी मनातल्या मनात बोलत असे ती माणसं तिथेच होती. ती जागा गेली तर मी कुणाशी बोलणार होतो?

“माझ्याशी बोला की,” द्वारकाबाई म्हणाली. माझी बायको शेंगा फोडत बसली होती. “मी काय मुकी हाय?”

“तू पुस्तकं वाचत नाहीस.”

“तुमी वाचून कुठं बोलता?”



लोक बिचारे कामाला लागले. आठवड्याभरात ‘खूण’ फुलांच्या चित्रांनी भरून गेलं. सुप्रभात, आजचा विचार, तुमचा आवडता रंग कोणता. कन्नड गावचे सर्जेराव, ऊसवाले शेतकरी आणि आमच्यातले सर्वांत भांडखोर वाचक, त्यांनीही एक धागा काढला : ‘आज काय वाचलं? मी काहीच नाही.’ आलेखाची रेघ उसळून वर गेली. अभयने टाळ्यांचं चित्र टाकलं.

मीही नवा धागा उघडला. ‘सर्वांना नमस्कार’ असं लिहिलं. माझ्याच नमस्काराची मला लाज वाटली आणि मी तो पुसला.

त्याच आठवड्यात महेजबीनचा प्रतिसाद आला. ही बजाजनगरची मुलगी, एका कारखान्यात संगणकाचं काम पाहते. बऱ्याच दिवसांनी आली होती. तिने नियमाप्रमाणे एक जुना धागा शोधला होता. धरणात बुडालेल्या गावावरची एक कादंबरी, लेखक आता कुणाच्या लक्षातही नाही. तिने विचारलं होतं : ‘गाव सोडताना ती म्हातारी घराला कुलूप लावते. घर तर पाण्याखाली जाणार आहे. मग कुलूप का? मला चार दिवस झोप नीट लागत नाहीये. कुणी सांगेल?’

मी वाट पाहिली. त्या धाग्यावर पूर्वी पुष्कळ जण बोलले होते. पण निरोप सुप्रभातींच्या ढिगाखाली गेले असणार. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी महेजबीनने खाली लिहिलं : ‘राहू द्या. सगळे कामात दिसता.’

हे वाचून मला राग आला. मला राग फार येत नाही, आला तर मी गच्चीवर जाऊन कुंड्यांना पाणी घालतो. त्या दिवशी मी खुर्चीतून उठलो नाही.

लिहिलं : ‘महेजबीन, पाणी येणार म्हणून घर कुणाचंही होत नाही. ते शेवटपर्यंत तिचं होतं. तिला हुसकावता येत होतं, पण दार उघडं टाकून जायला लावता येत नव्हतं. एवढीच एक गोष्ट तिच्या हातात होती आणि ती तिने केली. मला हे चुकीचंही कळलेलं असेल.’ शेवटचं वाक्य पुसलं. मग परत लिहिलं. मग पुन्हा पुसलं आणि पाठवून दिलं.

बोट थांबेना. अभयच्या सूचनेखाली गेलो आणि लिहिलं : ‘मी नवा धागा काढणार नाही. मला आवडता रंग नाही. खूण बंद करायची तर करा, पण उरलेल्या दिवसांत मी फक्त जुन्या धाग्यांवर उत्तरं देणार आहे. इथे एका मुलीला तीन दिवस उत्तर मिळालं नाही. मंडळ मेलं असेल तर ते या आठवड्यात मेलं.’

पाठवून दिलं. पुसावं का? सर्जेराव आधीच पोचले होते.

‘नाना, तुमी जिवंत हाय व्हय! आमी समजलो होतो तुमचं खातं नातू चालवतो. म्या बी नवा धागा काढणार नाय. काढला व्हता त्याची लाज वाटती. पोरी, त्या म्हातारीवर मला बी बोलायचंय, येतो तिकडं.’

मग एकेक जण येत गेला. ‘मीही नाही.’ ‘मीही नाही.’ कुणी कारण दिलं, कुणी दिलं नाही. धरणाच्या कादंबरीखाली वाद पेटला. सर्जेरावांचं म्हणणं, म्हातारीने कुलूप सवयीने लावलं, उगाच मोठा अर्थ काढू नका. महेजबीनने त्यांना फैलावर घेतलं. पहिल्या पानावर मात्र काहीच हललं नाही. आलेखाची रेघ घसरली आणि पुन्हा जमिनीला टेकली.

रविवारी अभयचा फोन आला. फोन उचलायचं मी टाळतो. द्वारकाबाईने स्पीकर चालू केला आणि शेजारी बसून राहिली.

“नानासाहेब, हे काय चालवलंय? मी वाचवायला बघतोय आणि तुम्ही लोकांना भडकवताय.”

“प्रतिसाद... प्रतिसाद मोजा ना तुम्ही.”

“ते कुणाला दिसतात? नवा माणूस पहिलं पान बघतो. तिथं काही हलत नाही.”

“आत हलतं.”

“नानासाहेब, मला माझी कामं आहेत. हे असंच चालायचं असेल तर मला वेळ नाही.”

“मग आमच्याकडे द्या.”

अभय हसला. “कुणाकडे? चालवणार कोण? तुम्ही?”

त्याचं बरोबर होतं. मला फोटोसुद्धा नीट चढवता येत नाही. मी द्वारकाबाईकडे पाहिलं. तिने शेंगदाणा तोंडात टाकला. “आता बोला की,” ती म्हणाली, “आता तर कुणी उतरवून घ्यायला सांगत नाय.”

“हो,” मी म्हणालो. “मी चालवणार.”

“विचार करून सांगा.”

“केला. द्या.”

“आणि बंद पडलं तर?”

“पडलं तर आमच्या हातून पडेल. तुमच्या रेघेमुळे नाही.”

“घ्या मग,” म्हणून अभयने फोन ठेवला. हे कोण बोललं, असं मलाच वाटलं. संगणकाशी जाऊन मी धरणाच्या धाग्यात लिहिलं : ‘खूण मी मागून घेतली आहे. मला यातलं काहीही येत नाही.’

‘सर्व्हरचं मी बघते, काका,’ महेजबीनचं उत्तर आलं. ‘दिवसभर कंपनीत तेच करते.’

‘मला फक्त भांडायचं काम द्या,’ सर्जेरावांनी लिहिलं. ‘आणि ती म्हातारी सवयीनंच कुलूप लावती. लिहून ठेवा.’

अभयने दोन दिवसांनी सगळं सोपवलं. महेजबीन फोनवर सांगत गेली आणि मी बटणं दाबत गेलो. सगळ्यात आधी आलेख काढला. पहिलं पान ओकंबोकं दिसायला लागलं. नवं काहीच नाही.

“तिथे काहीतरी टाकायचं का, काका?” तिने विचारलं. “लोकांना वाटेल बंद आहे.”

“वाटू दे,” मी म्हणालो आणि सर्जेरावांना उत्तर द्यायला धरणाच्या धाग्यावर गेलो.